आईंनी निवडलेला रंग

“दार कुठी गेलं वं?”

जयाबाईंनी हे विचारलं ते भिंतीला. एका हातात रिकामा कप, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीवर टेकलेला. रंग वाळला होता, तरी हाताला अजून दमट लागत होता, नुकताच ताप उतरलेल्या कपाळासारखा.

“कोणासोबत बोलून राहिल्या, आई?” दामिनीचा आवाज उजवीकडून आला. म्हणजे स्वयंपाकघर उजवीकडे. आपण डावीकडे शोधत होतो.

“तुह्या पोरीसोबत.”

“ती त माझ्याजवळ आहे इकडे.”

“मंग? दुरून बोलू नये का माणसानं?”

सून हसली. जयाबाई त्या हसण्याच्या रोखाने चालत गेल्या आणि कप ओट्यावर नीट ठेवला. घर रंगवल्यापासून हे असंच चाललं होतं. दामिनीने हसायचं, आणि जयाबाईंनी त्या हसण्याला कठड्यासारखं धरून चालायचं.

जयाबाईंना दिसत नव्हतं, हे त्या घरात फक्त जयाबाईंना ठाऊक होतं. अंधार नव्हता. अंधार असता तर सांगावंच लागलं असतं. कडेकडेने धुकं आत येत गेलं होतं, आणि जेवढं उघडं राहिलं होतं त्यातून माणसांची तोंडं यायची नाहीत, वस्तूंच्या कडा यायच्या नाहीत, पण रंग यायचे. काचबिंदू, असं एका शिबिरातला डॉक्टर म्हणाला होता. थेंब दिले होते, पुन्हा या म्हणाला होता. त्याच सुमारास नवरा गेला. मग पुन्हा जायचं राहून गेलं.

पण नवरा जाताना घर रंगवून गेला होता. रंगाच्या एका दुकानात तो चौकीदार होता. गिऱ्हाइकाला पसंत न पडलेले, चुकून भलतेच मिसळले गेलेले डबे मालक त्याला देऊन टाकायचा. त्या डब्यांनीच हुडकेश्वरचं हे घर रंगलं. हॉल निळा, स्वयंपाकघर पोपटी, झोपायची खोली गुलाबी, मोरी जांभळी आणि दारं सगळी गेरूसारखी लाल. पाहुणे म्हणायचे, घर आहे का रंगपंचमी? जयाबाईंना तेच बरं पडायचं. निळ्यात बसायचं, लालातून जायचं, पोपटीत चहा ठेवायचा, गुलाबीत पडायचं. हात जन्मभर बिड्या वळलेले, त्यामुळे बोटांना पाहायची सवय होतीच. नात झाली, गुंजन, तेव्हाही काही अडलं नाही. लाल झबलं, पिवळं टोपडं. निळ्या हॉलमध्ये तो ठिपका कुठं आहे ते जयाबाई स्वयंपाकघरातूनसुद्धा सांगू शकायच्या. “पाह्य, सोफ्याखाली चालली तुही लेक!” असं त्या ओरडायच्या आणि दामिनी कौतुकाने म्हणायची, “आईची नजर म्हणजे ना!”

मग धोंडबा पेंटर आला.

त्याने रंगांच्या चौकोनांचं मोठं पुस्तक जयाबाईंच्या मांडीवर उघडून ठेवलं. “काकू, हे सगळे वार्म न्यूट्रल, फिक्के फिक्के. मोठमोठ्या फ्लॅटमंदी आता हेच चालून राहिलं. डोळ्याले कसं थंड.”

“आई, तुम्ही सांगा,” दामिनी म्हणाली. “घर तुमचं आहे. मी नाही निवडणार.”

मांडीवरचं पान सगळं एकच होतं. साय धरलेल्या चहासारखं. त्यात चौकोन होते म्हणे. जयाबाईंनी थोडं वाकून पाहिल्यासारखं केलं, बाकीच्यांना वाटावं की विचार चाललाय इतका वेळ जाऊ दिला, आणि बोट टेकवलं.

“हा.”

“वा काकू!” धोंडबा म्हणाला. “टेस्ट आहे बाप्पा तुमाले.”

“मलेही हाच आवडला होता!” दामिनीने त्यांच्या खांद्याला मिठी मारली. “मी बोलली नाही मुद्दाम. म्हटलं आई त काहीतरी गडद घेतील.”

आणि त्या आनंदात दामिनीने काही मागे ठेवलं नाही. भिंती त्या रंगाच्या, दारं त्या रंगाची, चौकटी, खिडक्यांचे गज, जुनं कपाट. पडदेही जुळते आणले. मुलगा प्रीतम बुटीबोरीच्या कारखान्यातून ड्युटी करून आला, दारातच थांबला आणि म्हणाला, “आई, तुह्या पसंतीत घर पुरं बुडालं न बावा!”

जयाबाई दाराशी उभ्या होत्या. निदान त्यांना वाटत होतं की दाराशी. समोर निळं नव्हतं, लाल नव्हतं, काही नव्हतं. कुणीतरी ओल्या फडक्याने घर पुसून घेतलं होतं.

“कसं वाटते, आई?”

“छान,” त्या म्हणाल्या. “मोकळं वाटते.”

सांगता आलं असतं. पण सोमवारी दामिनीची सुट्टी संपत होती. सक्करदऱ्याच्या लॅबमध्ये तिला परत रुजू व्हायचं होतं, आणि गुंजनचं काय, हा प्रश्न घरात महिनाभर फिरत होता. प्रीतमने एकदा पाळणाघराचं नाव काढलं होतं. “पाळणाघरात काहून?” जयाबाई तडकल्या होत्या. “मी मेली का?” तिथेच तो विषय मिटला होता. आता डोळ्यांचं बोलायचं म्हणजे गुंजनला मांडीवरून उतरवायचं. रागाने नव्हेच. मायेनेच उचलून नेतील, आणि मायेने नेलेलं परत मागता येत नाही.

दुधाचा वास येणारं ते डोकं, टाळूवर अजून मऊ असलेली ती जागा, झोपेत बोट पकडून ठेवायची ती मूठ. 

*

बायका पहिल्यांदा दिसल्या त्या गुरुवारी.

भर दुपार होती. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता. गुंजन गादीवर झोपली होती. तिच्या पलीकडे, समोरच्या भिंतीला पाठ लावून, बायकांची रांग बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू. बोटं चालली होती. हिरवं लुगडं, हळदी लुगडं, रक्तासारखं लाल लुगडं.

इंदोऱ्याच्या त्या लांबट खोलीत बिड्या वळायला अशीच रांग बसायची. जयाबाई ओळखत होत्या सगळ्यांना. ती कडेची यमुताई. मानेवरचा तीळसुद्धा दिसत होता. काठाची वीण दिसत होती, बिडीला गुंडाळायचा दोरा दिसत होता. इतकं स्वच्छ त्यांना कित्येक वर्षांत काही दिसलं नव्हतं. आणि यमुताईला जाऊन किती काळ लोटला होता.

माना सगळ्यांच्या खाली होत्या.

भीती आधी वाटली नाही. मग लक्षात आलं, त्यांच्या आणि आपल्या मधोमध पोर झोपलंय. जयाबाईंनी हात लांब करून गुंजनच्या पोटावर ठेवला.

“बाया हो,” त्या हळूच म्हणाल्या, “कशाले आल्या गं इथं?”

एकीनेही वर पाहिलं नाही.

दामिनी धुतलेले कपडे घेऊन आली आणि त्या रांगेतून, त्यांच्या मांड्यांवरून, सुपांवरून सरळ चालत गेली. जयाबाईंच्या तोंडात आलं होतं, अगं, पाय लागंन कोणाले. 

“दामिनी, त्या भिंतीपाशी काही ठेवलं का तू?”

“नाही जी. मुद्दाम मोकळी ठेवली. मोकळी चांगली दिसते न?”

“हो. चांगली दिसते.”

नंतर त्या रोज दुपारी येऊ लागल्या. रंगाच्या वासासोबत यायच्या, कूलरच्या घरघरीत बसून राहायच्या. कधी दोघी, कधी भिंतभर. जयाबाईंनी ठरवलं की ही डोळ्यांची खोडी आहे. कोऱ्या भिंतीवर डोळे आपलंच काहीबाही काढत बसतात. तरी उठताना त्या रांगेला वळसा घालून जायच्या.

सोमवारी दामिनी निघाली. निघाली निघाली म्हणत तीनदा परत आली. एकदा बाटली दाखवायला, एकदा खिचडीचा डबा कुठे ठेवलाय ते सांगायला, एकदा नुसतीच.

“आई, फोनचं एक नंबर दाबून ठेवलं न, की मलेच लागते.”

“जाय न वं आता. पोरगी सासरी चालली का तू?”

“क्रीम कलरचं झबलं घातलं तिले. उन्हाळ्यात फिक्कंच बरं.” तिने गुंजनच्या गालावर, मानेवर, पायाच्या तळव्यावर ओठ टेकले. पोर खिदळली. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, फाटक वाजलं, आणि घरात घरघर उरली.

सकाळ बरी गेली. खिचडी अर्धी पोटात, अर्धी जयाबाईंच्या पदरावर. गुंजन गादीवर आडवी झाली तशा त्याही बाजूला टेकल्या, तिचा पाय मुठीत धरून. तो पाय लाथ मारून सुटायचा, पुन्हा येऊन मुठीत बसायचा. कूलरचं वारं अंगावरून जात होतं. भिंतीशी बोटं चालली होती. सुपात सळसळ होत होती.

जयाबाईंना जाग आली तेव्हा मूठ मिटलेली होती आणि आत काही नव्हतं.

गादीवर हात फिरवला. चादरीत एक खळगा होता, कोमट.

“गुंजू?”

कूलर घरघरत होता.

“गुंजे… ए माय… कुठी गेली?”

त्या गुडघ्यांवर आल्या. समोर सगळं एक होतं. चादर, फरशी, भिंत, दार, पडदा, आणि त्यात कुठेतरी त्याच रंगाच्या झबल्यातलं पोर. हात पुढे टाकत त्या रांगू लागल्या. सोफ्याचा पाय. रबरी बदक. पुन्हा फरशी. मग भिंत. भिंत धरून गेलं की कोपरा येतो, कोपऱ्यानंतर दार येतं, हे घर त्यांना पाठ होतं. त्या भिंतीवरून तळवा सरकवत राहिल्या. कोपरा आला नाही. अजून सरकवला. भिंत चाललीच होती. घर जेवढं लांब होतं त्याहून लांब भिंत चालली होती, दमट, कोमट, एकसारखी.

तोंडावर काहीतरी मऊ आलं आणि श्वास सोडल्यासारखं मागे गेलं.

“कोण आहे?”

पुन्हा आलं. पडदा होता. पडदाच असावा.

त्या वळल्या. बायका होत्या. सगळ्या होत्या, आज भिंतभर, आणि लुगड्यांचे रंग असे की डोळे दुखावेत. खोलीत तेवढंच दिसत होतं.

“यमुताई,” जयाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांना अनोळखी वाटला. “पाह्यली असंन न वं तू. तुह्यासमोरून गेली असंन. सांग न, कोणीकडं गेली लेक?”

यमुताईची बोटं थांबली. मग शेजारणीची थांबली. मग सगळ्यांची. सुपातली सळसळ बंद झाली.

यमुताईने मान वर केली. लुगड्याचा पदर होता, नाकाजवळ चमकी होती, मानेवर तीळ होता. चेहऱ्याच्या जागी भिंतीचाच रंग होता.

जयाबाई ओरडल्या नाहीत. ओरडायला वेळ नव्हता. डोळे घट्ट मिटून घेतले आणि घरघरीच्या दिशेने निघाल्या. कूलरचा पत्रा हाताला लागला, त्याची वायर लागली. ती धरून धरून भिंतीतल्या प्लगपर्यंत गेल्या आणि हिसका दिला.

घर थांबलं.

मग ऐकू आलं. थप. थप थप. लहान तळहात पाण्यावर मारल्याचा आवाज.

मागच्या अंगणात सकाळी टब भरून ठेवला होता. कूलरमध्ये घालायला.

मोकळ्या हॉलमध्ये तो आवाज चारही भिंतींतून येत होता. जयाबाईंनी गाल फरशीला लावला. जिकडून फरशीलगत झळ आली तिकडे त्या निघाल्या. गुडघ्याखाली स्वयंपाकघराची पट्टी आली. ओट्याचा कोपरा डोक्याला लागला. मागचं दार लोटलेलं होतं, फटीतून ऊन चटका देत होतं. थप थप थांबलं. ते थांबलेलं त्यांनी ऐकलं, आणि तेवढ्या वेळात त्या जणू म्हाताऱ्या झाल्या.

हात पुढे गेला. ओली टाच लागली.

टाच जमिनीवर होती. दुसरीही. पोटऱ्या ताठ, गुडघे थरथरत. गुंजन उभी होती. टबाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून, पाण्यावर वाकून, आपल्याच करामतीने चकित होऊन गप्प झालेली. आजीचा हात लागताच ती खदखदून हसली आणि बुडावर बसली.

तिचं पहिलं उभं राहणं कुणीच पाहिलं नाही.

जयाबाईंनी तिला पोटाशी घेतलं आणि तिथेच, तापलेल्या पायरीवर, चटके बसत होते तरी बसून राहिल्या. मग टब आडवा करून सगळं पाणी सोडून दिलं. झबल्याच्या बाह्या ओल्या होत्या. त्या उन्हात बाह्या वाळायला कितीसा वेळ लागणार होता. त्या वाळल्या की काही घडलंच नव्हतं. पोर बोलत नव्हतं. भिंतीही बोलत नव्हत्या.

दुपारभर त्या पोराला घेऊन एका जागी बसून राहिल्या. कूलर पुन्हा लावला नाही.

*

“काय म्हणते माझी पोरगी?” दामिनी चप्पल काढता काढता म्हणाली. “अरे बाप्पा, किती उकडून राहिलं! कूलर काहून बंद? त्रास दिला का आई हिनं?”

“नाही. उभी राहिली आज.”

“काय!” पर्स कुठेतरी पडली. “खरंच? आई, फोन काहून नाही केला मले? व्हिडिओ कॉल केला असता न! कशाले धरून उभी राहिली? सोफ्याले?”

“टबाले.”



“मागच्या,” जयाबाई म्हणाल्या. “पाणी भरलं होतं न सकाळी, तो.”

“तुम्ही होत्या न जवळ?”

“मी शोधून राहिली होती तिले.” त्यांनी मांडीवरच्या पोराचे पाय नीट केले. “मले दिसत नाही, दामिनी.”

बाहेर भाजीवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली. 

“म्हणजे… चष्मा?”

“चष्म्यातलं नाही. लई वर्षं झाली. रंग दिसत होते, त्याच्यावर चालून जात होतं.”

“रंग दिसत होते,” दामिनी हळूच म्हणाली. मग एकदम, “मंग हा रंग? हा त तुम्हीच निवडला न, आई! तुमची पसंत म्हणून मी…”

“पसंत कुठली वं. बोट पडलं तिथं पडलं.”

दामिनीच्या गळ्यातून एक आवाज आला. हसणं असेल किंवा रडणं. जयाबाईंना तेवढ्यावरून कळलं नाही, आणि तोंड पाहून कळायचं तर प्रश्नच नव्हता. ती जवळ आली, खाली बसली. गुंजनच्या काखेत हात घालून तिने तिला उचललं. हिसकून नाही, हळूच.

“रागावू नको वं.”

“नाही रागावली मी.”

“मंग बोल न काही.”

“काय बोलू? तुम्हाले आवडंन म्हणून मी दारंसुद्धा…” पुढचं तिला बोलता आलं नाही. ती पोराला घेऊन आत गेली. जयाबाईंचे हात जसे होते तसेच मांडीवर राहिले, गोल, कुणाला तरी धरल्यासारखे.

प्रीतमला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने सगळे दिवे लावले. मग आईसमोर उकिडवा बसला आणि बोटं उभी केली. “आई, किती आहेत, सांग बरं.”

“लहानपणापासून गणितात तूच कच्चा, आन मले विचारून राहिला?”

तो हसला नाही. त्याने आपलं कपाळ आईच्या गुडघ्याला टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही. “एवढं लपवलं काहून?” तो तिथूनच म्हणाला. जयाबाईंनी त्याच्या केसांतून बोटं फिरवली. केस विरळ झाले होते. हे त्यांना आजच कळलं.

*

सकाळी फाटकाशी दामिनीने गाडी उभी केली. गुंजनची पिशवी पुढे अडकवली. प्रीतम पहिल्या पाळीला गेला होता.

“चला आई. तुम्ही पकडा तिले. मी एकटी कशी नेऊ?”

“मी?”

“मंग कोण? आन तिथून आपल्याले डोळ्याच्या दवाखान्यात जायचं आहे. नंबर लावला मी.”

ती पाळणाघराचं बोलली नव्हती. बोलायची गरज नव्हती. जयाबाई मागे बसल्या. दामिनीने ओढणीने पोराला त्यांच्या पोटाशी बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. “दुखते का?”

“नाही. अजून आवळ.”

हुडकेश्वर रोडवर उन्हाची झळ आताच लागत होती. जयाबाईंनी पदराचा आडोसा करून गुंजनचं डोकं झाकलं आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. उघडून तरी काय करायचं होतं. पाहायचं काम दामिनी करत होती. आपल्याला फक्त धरायचं होतं, आणि ते त्यांना येत होतं. गाडी खड्ड्यातून गेली की पोर खूश होऊन आवाज करायची, आणि समोरून दामिनी विचारायची, “बरी आहे न?” आणि त्या म्हणायच्या, “बरी आहे. तू रस्ता पाह्य.”

पाळणाघर एका तळमजल्यावर होतं. पावडरचा आणि शिजलेल्या भाताचा वास येत होता. आत कुणीतरी रडत होतं, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. दामिनीने गाठ सोडली. जाळीचं दार उघडल्याचा आवाज झाला.

“या आजी. मी शामला. द्या बरं आमच्या पाहुणीले.”

“झोपताना तिचा पाय धरून बसा जरासा,” जयाबाई म्हणाल्या. “मूठ करून. घट्ट नाही. तिले काढून घेता आला पाहिजे, असा.”

“हो आजी.”

“आन आता ती उभी राहते. पाण्याजवळ नका जाऊ देऊ.”

“हो.”

आणखी काही सांगायचं आहे का ते त्यांनी आठवून पाहिलं. मग टाळूवरच्या त्या मऊ जागेवर नाक टेकवलं, सरळ उभ्या राहिल्या आणि गुंजनला धरलेले दोन्ही हात पुढे केले.

शामला डाव्या बाजूला उभी होती. हात तिच्यासमोर नव्हते, रिकाम्या चौकटीकडे गेले होते. दामिनीने पायरीवर एक पाऊल टाकलं आणि ती तिथेच थांबली.  शामला दोन पावलं सरकून त्या हातांसमोर आली.

“घ्या,” जयाबाई म्हणाल्या.